कपाटांची कुलुपे उघडा

रोहिणी नक्षत्र सरत आले आहे. शेतकऱ्याचे डोळे मृगाच्या ढगांकडे लागले आहेत, तर शहरातील मध्यमवर्गीय गृहस्थ एका लांबलचक यादीत बुडून गेला आहे. पाठ्यपुस्तके, वह्या, दप्तर, गणवेश, छत्री अशी ती यादी. पुस्तकांच्या दुकानांपुढे या दिवसांत मोठी गर्दी लोटते. पण त्या गर्दीत थोडा वेळ उभे राहून पाहावे, म्हणजे ध्यानात येते की, क्रमिक पुस्तके आणि मार्गदर्शके यांपलीकडे सहसा कोणाचा हात जात नाही. शेजारच्याच फळीवर गोष्टींची, प्रवासाची, विज्ञानाची नवी कोरी पुस्तके मांडलेली असतात. ‘सुट्टी संपली, आता अभ्यासाला लागा’ या एका वाक्याने त्यांचा निकाल लागतो. मुलांचे वाचन जणू आंब्यांबरोबर येते आणि आंब्यांबरोबरच संपते.

हल्लीची मुले वाचीत नाहीत, ही तक्रार आम्ही नित्य ऐकतो. तिचे सारे खापर मोबाइलवर फोडून मोकळे होणे सोपे आहे. मोबाइल निर्दोष आहे असे आम्ही म्हणत नाही. तथापि तो मुलाच्या हाताशी अष्टौप्रहर असतो आणि पुस्तक मात्र नसते. अशा विषम सामन्यात मुलालाच अपराधी ठरविणे न्यायाचे नव्हे.

वृत्तपत्रात येण्यापूर्वी आम्ही काही वर्षे शाळेत शिकविले आहे. जूनमध्ये पहिल्याच आठवड्यात ‘सुट्टी कशी घालविली?’ हा निबंध लिहावयास सांगण्याची रीत होती. पाचवीतील एका मुलाने त्यात लिहिले की, मामाच्या गावी भा. रा. भागवतांचे ‘फास्टर फेणे’चे एक पुस्तक अर्धेच वाचून झाले आणि परतीची एस. टी. धरावी लागली, पुढे काय झाले ते सरांनी सांगावे. तेच पुस्तक शाळेच्या कपाटात होते. पण कपाटास कुलूप होते, आणि पुस्तकांची मोजदाद पुरी झाल्यावाचून ते उघडता येणार नाही, असे उत्तर आम्हांस मिळाले. मोजदाद गणेशोत्सवानंतर पुरी झाली. तोपर्यंत त्या मुलाने विचारणे सोडून दिले होते. त्या किल्लीसाठी आम्ही भांडलो नाही, याची बोच आजही आमच्या मनात आहे.

किल्ली सांभाळणारे गृहस्थ दुष्ट होते असे नव्हे. पुस्तक हरवले तर जाब आपणांस द्यावा लागेल, या भीतीने त्यांस ग्रासले होते. जेथे पुस्तक फाटल्याबद्दल विचारणा होते, पण वर्षभर कोणीच न वाचल्याबद्दल होत नाही, तेथे कुलूप हाच शहाणपणा ठरतो. वास्तविक, शिक्षणहक्काच्या २००९ च्या कायद्याने प्रत्येक शाळेत ग्रंथालय असावे असे म्हटले आहे, एवढेच नव्हे, तर त्यात गोष्टीची पुस्तके असावीत असाही स्पष्ट उल्लेख केला आहे. ग्रंथालयशास्त्राचे आचार्य शि. रा. रंगनाथन यांनी १९३१ साली मांडलेल्या पाच सूत्रांत पहिला मान पुस्तकांच्या जपणुकीस नव्हे, तर त्यांच्या उपयोगास दिला. कायदा आहे, शास्त्र आहे. उणीव आहे ती किल्ली फिरविणाऱ्या हाताची.

हा प्रश्न केवळ शाळेचा नव्हे. २०११ च्या जनगणनेनुसार मराठी मातृभाषा असणाऱ्यांची संख्या आठ कोटींहून अधिक भरली. आणि मराठी पुस्तकाची आवृत्ती आजही पुष्कळदा हजार प्रतींच्या आतच असते. ३ ऑक्टोबर २०२४ रोजी केंद्र सरकारने मराठीस अभिजात भाषेचा दर्जा दिला, तेव्हा आम्हांसही आनंद झाला. परंतु दर्जा सरकार देऊ शकते, वाचक देऊ शकत नाही. वाचक दहाव्या-अकराव्या वर्षी घडतो. त्या वयात ज्याचे पुस्तक अर्धे राहिले, तो पुढे नव्या पुस्तकाची वाट का पाहील?

म्हणून शाळाचालकांस आमची विनंती आहे की, येत्या पंधरवड्यात शाळा सुरू होतील त्या पहिल्याच दिवशी पुस्तकांचे कपाट उघडावे. मोजदाद मागाहून करावी. काही पुस्तके फाटतील, काही हरवतील. तो खर्च खडूच्या खर्चासारखा धरावा आणि त्याचा भार शिक्षकावर टाकू नये. सार्वजनिक ग्रंथालयांनी सुट्टीतील बालवाचकांस जूनमध्ये निरोप देऊ नये. ठाण्याचे मराठी ग्रंथसंग्रहालय १८९३ साली १ जून रोजी, म्हणजे अशाच उन्हाळ्याच्या अखेरीस, स्थापन झाले. पारतंत्र्यातही ज्यांस ग्रंथालये उभारावीशी वाटली, त्यांच्या वारसांस ती मुलांसाठी बारमास उघडी ठेवणे अवघड वाटू नये.

आणि पालकांस? त्यांनी त्या लांबलचक यादीत आणखी एकच ओळ घालावी: एक अवांतर पुस्तक, आणि तेही मुलाने स्वतः निवडलेले. त्याचा परीक्षेस उपयोग काय, हे विचारू नये. छत्री घेताना आपण पावसाचा भरवसा धरतो. हे पुस्तक घेताना मुलाचा धरावा.