आमदारांसाठी राखीव
एसटीच्या आसनामागे ‘आमदार’ अशी रंगवलेली पाटी आजही दिसते, पण त्या आसनावर बहुधा एखाद्या प्रवाशाची पिशवी बसलेली असते; तिथे खुद्द आमदार बसल्याचे सांगणारी माणसे सोलापूर जिल्ह्यातील सांगोल्यात मात्र हमखास भेटतात, याचे श्रेय शेतकरी कामगार पक्षाच्या (शेकाप) गणपतराव देशमुखांना जाते. 1962मध्ये ते प्रथम विधानसभेत गेले आणि 2014पर्यंत एकाच मतदारसंघातून, एकाच पक्षाकडून अकरा वेळा निवडून आले, हा विक्रम सर्वज्ञात असला तरी त्यांच्या कारकिर्दीचा खरा कस 1972 व 1995 या दोन पराभवांत लागला, कारण पहिल्यानंतर 1974च्या पोटनिवडणुकीत, म्हणजे मुदतीमध्येच रिकाम्या झालेल्या जागेसाठीच्या निवडणुकीत, आणि दुसऱ्यानंतर 1999मध्ये ते परतले ते जुन्याच लाल झेंड्यासह. अवर्षणग्रस्त तालुक्यात पाण्याचा प्रश्न लावून धरणे, सहकारी सूतगिरणी नीट चालवणे आणि विरोधी बाकावर वर्षानुवर्षे टिकणे ही कामे मंत्रिपदाइतकीच मोलाची आहेत. मंत्रिपद त्यांना 1978 आणि 1999च्या सरकारांत मिळालेही, पण सांगोल्यात त्याची आठवण सूतगिरणीनंतरच निघते. सकाळी एका पक्षात आणि संध्याकाळी दुसऱ्यात दिसणाऱ्या आजच्या आमदारांना या चिवटपणाचे मोल कळणार नाही, कारण त्यांना आसनापेक्षा गाडीच बदलणे सोपे वाटते. 2019मध्ये गणपतराव रिंगणात नव्हते आणि पक्षाने ही जागा थोडक्यात गमावली. 2024मध्ये त्यांचे नातू बाबासाहेब देशमुख यांनी ती शेकापकडूनच परत जिंकली.