सॉफ्टवेअर घेण्यापूर्वी यंत्राची रुजुवात

भोसरी, चाकण आणि वाळूज येथील मध्यम कारखानदार तीन अक्षांच्या सीएनसी यंत्रांवरून पाच अक्षांच्या यंत्रांकडे वळू लागले आहेत. आणि इंपेलरची वळणदार पाती किंवा साच्याच्या खोल भिंती एकाच बांधणीत पुऱ्या करण्याचे त्या यंत्राचे सामर्थ्य पाहता ही गोष्ट इष्टच म्हटली पाहिजे. परंतु यंत्रासाठी भारी कर्जाची तजवीज करणारा हाच कारखानदार, त्या यंत्राला हुकूम देणारे कॅम सॉफ्टवेअर मात्र विक्रेत्याने पडद्यावर दाखविलेल्या प्रात्यक्षिकावर विसंबून पसंत करतो, हे मला अत्यंत चिंताजनक वाटते.

पडद्यावर दिसतो तो टूलपाथ. मास्टरकॅम, हायपरमिल, एनएक्स, यांपैकी कोणतेही घ्या, तो देखणाच दिसेल. खरा भेद पुढे पडतो. कारण हत्याराने कोणत्या मार्गाने फिरावे ही गणना वेगळी, आणि त्या गणनेतून विवक्षित यंत्राला व त्याच्या नियंत्रकाला समजेल असा जी-कोड काढणे हे पोस्ट-प्रोसेसरचे कार्य वेगळे. अमेरिकेतील मॅसॅच्युसेट्स तंत्रशास्त्र संस्थेत १९५२ साली संख्यानियंत्रित मिलिंग यंत्र चालवून दाखविण्यात आले आणि त्याच दशकात तेथे एपीटी ही प्रोग्रॅमिंगची भाषा आकारास येऊ लागली. कार्याची ही विभागणी त्या परंपरेतूनच चालत आलेली आहे.

पोस्ट-प्रोसेसर यंत्रागणिक वेगळा लागतो: एखाद्या यंत्राचे टेबलच दोन्ही परिभ्रमण-अक्षांत फिरते, तर दुसऱ्याचे स्पिंडलसह मस्तक कलते. टेबल फिरत असता हत्याराचे टोक जॉबवरील नेमक्या बिंदूवर राखण्यासाठी फानुक नियंत्रकामध्ये जी४३.४, हायडेनहाइनमध्ये एम१२८ व सीमेन्समध्ये ट्राओरी अशा आज्ञा आहेत. पोस्टने त्यांचा उपयोग केला नाही, तर परिभ्रमणकेंद्रापासून जॉबचे अंतर प्रोग्रॅममध्येच कायम होऊन बसते, आणि फिक्स्चर दोन मिलिमीटर सरकले तरी सगळा प्रोग्रॅम नव्याने काढावा लागतो. याहून घातक अवस्था म्हणजे हत्याराचा अक्ष फिरत्या टेबलाच्या अक्षाशी जवळजवळ समांतर होणे. तेथे कलात किंचित फरक पडताच टेबलाला अर्धा फेरा घ्यावा लागू शकतो, आणि त्या क्षणी हत्यार धातूत असेल तर महागड्या जॉबवर कायमचा वण उठतो.

सिम्युलेशनने हे दोष आधीच दिसतील, असे आश्वासन मिळते. ते सिम्युलेशन पोस्टपूर्व टूलपाथचे की प्रत्यक्ष जी-कोडचे, आणि त्यात आपल्या यंत्राचा, होल्डरचा व फिक्स्चरचा यथातथ्य नमुना आहे काय, हे विचारल्यावाचून त्या आश्वासनाला मोल नाही.

पुष्कळ कामे दोन अक्ष कलवून, आवळून, उरलेल्या तिन्हींनी कापण्याने भागतात. अशा कारखान्याने पाचही अक्ष एकसमयी चालविण्याच्या सॉफ्टवेअर-विभागाचा खर्च तूर्त करू नये. ज्यांना तो आवश्यकच आहे त्यांनी निवड ऑपरेटर व प्रोग्रॅमर दोघांना समोर बसवून करावी आणि करारनाम्यात शर्त घालावी, की आपलाच एक अवघड जॉब, आपल्याच यंत्रावर, विक्रेत्याने धातूत कापून दाखविल्याखेरीज अखेरचा हप्ता देय होणार नाही. तसेच पोस्टची बदल करता येण्याजोगी मूळ फाइल कारखान्याच्या दप्तरी जमा व्हावी, म्हणजे ती लिहिणारा अभियंता उद्या अन्यत्र गेला तरी काम अडणार नाही.