कोयत्याची वेस
बीड जिल्ह्यातून दरवर्षी दसरा-दिवाळीच्या सुमारास लाखो ऊसतोड मजूर पश्चिम महाराष्ट्र व कर्नाटकातील साखर कारखान्यांकडे जातात. या व्यवहारात पती-पत्नीची जोडी म्हणजे एक ‘कोयता’ आणि मजूर पुरवणाऱ्या मुकादमाकडून आगाऊ घेतलेली रक्कम म्हणजे ‘उचल’, जी फिटेपर्यंत मजूर बांधलेला राहतो. १९७९ चा आंतरराज्य स्थलांतरित कामगार कायदा राज्याची सीमा ओलांडणाऱ्यांसाठीच होता, त्यामुळे बीडहून सांगलीला जाणारे कुटुंब त्याच्या कक्षेबाहेर राहिले, तर संयुक्त राष्ट्रांच्या १९९० च्या करारात परदेशी गेलेल्या कामगारांसह त्यांच्या कुटुंबीयांचेही हक्क मांडलेले आहेत. वेस गावाची असो वा देशाची, मजुराला लेखी करार, त्याच्या पत्नीला स्वतंत्र मजुरी आणि मुलांना शाळा मिळालीच पाहिजे.