छातीतली बॅटरी किती वर्षांची, ते लिहून द्या!

नेरूळला आमच्या सोसायटीत एक काका आहेत. वय ७८. पेसमेकर बसवून आठ वर्षं झाली. परवा तपासणीला गेले तर "बॅटरी संपत आलीय, बदलावी लागेल" असं सांगितलं. काकांना वाटलं, भिंतीवरच्या घड्याळाचा सेल बदलतो तसंच काहीतरी असेल. एस्टिमेट हातात आल्यावर कळलं की अख्खी डबीच बदलायची!

टायटॅनियमच्या सीलबंद डबीत लिथियमची बॅटरी असते. ती चार्ज होत नाही, वेगळी काढताही येत नाही. वायरी चांगल्या असतील तर त्या राहतात, पण छातीवरची जुनी जागा पुन्हा उघडायची, पुन्हा अॅडमिट व्हायचं, इन्फेक्शनची धास्ती वेगळीच.

पहिल्या वेळी हे कुणी सांगितलं? कुणीच नाही. बिलात नाही, डिस्चार्ज कार्डावर नाही. अहो, साध्या पंख्याचीही वॉरंटी लिहून मिळते!

डॉक्टर म्हणतील, नेमका आकडा सांगता येत नाही. मान्य. हृदयाला किती ठोके द्यावे लागतात, किती व्होल्टेजने, यावर ते ठरतं. पण कंपनीच्या मॅन्युअलमध्ये सेटिंगनुसार वर्षं छापलेली असतात आणि तपासणीच्या मशीनवर उरलेल्या आयुष्याचा अंदाज दिसतो. मग तो पेशंटपासूनच लपून का राहतो?

याच वर्षांची किंमत खाडीपलीकडे दिसली होती. वांद्र्याच्या होली फॅमिली हॉस्पिटलमध्ये ५३ गरीब पेशंटना अमेरिकेत वारलेल्या लोकांचे पेसमेकर निर्जंतुक करून बसवले. घरच्यांनी दान दिलेले. जमले होते १२१, पण बॅटरीत पुरेसं आयुष्य शिल्लक होतं तेवढेच घेतले. मेलेल्या माणसाच्या बॅटरीची उरलेली वर्षं मोजता येतात, आणि नव्याकोऱ्याची सांगता येत नाहीत?

पूर्वी पाऱ्याचे सेल जेमतेम दोनेक वर्षं टिकायचे. १९७२ मध्ये लिथियम-आयोडीन आलं आणि गणितच बदललं. २०२२ मध्ये अमेरिकेतल्या एमआयटीच्या संशोधकांनी आणखी एक वाट दाखवली. बॅटरीतलं इलेक्ट्रोलाइट एरवी नुसतं वजन असतं, ऊर्जा देत नाही. त्यांनी फ्लोरिनचं असं संयुग वापरलं की ते द्रवच ऊर्जा देऊ लागतं. त्यांच्या म्हणण्यानुसार आयुष्य ५० टक्क्यांपर्यंत वाढू शकतं, किंवा तेवढ्याच आयुष्यात बॅटरी लहान होऊ शकते.

या "किंवा"तच खरी मेख आहे. वर्षं वाढवायची की डबी लहान करून "नवं मॉडेल" म्हणून जास्त भावाने विकायची, हे ठरवणार कोण? ज्याला आकडाच सांगितला नाही, तो भांडणार कशाच्या जोरावर? २०१७ मध्ये सरकारने स्टेंट आणि गुडघ्याच्या इम्प्लांटच्या किमतीवर मर्यादा घातली. पेसमेकर तसेच राहिले.

माझी मागणी साधी आहे. डबी बसवतानाच बॅटरीची अंदाजे वर्षं आणि पुढच्या बदलीचा आजचा खर्च मराठीत लिहून, सही करून द्या.

घरात कुणाला पेसमेकर असेल तर आज त्यांचं कार्ड काढून बघा. वर्षं लिहिलीत का? खाली फक्त "हो" किंवा "नाही" लिहा. हॉस्पिटलचं नाव नको.