यंत्र येण्याआधी पंचनामा



रस्त्यात जमीन गेली की मोजणी होते. विहीर, झाड, घर कागदावर येते. पण रस्ता ज्याच्या बांधाला लागून जातो, त्याचा कागद कोणी करीत नाही. सुरुंगाने भिंत तडकली, विहीर ढासळली, भरावाने नाला अडून कपाशीत पाणी साचले, की ठेकेदाराचे उत्तर ठरलेले : ‘हे आधीपासूनच होते.’ सातबाऱ्यावर विहीर दिसते; तिला पाणी किती हात होते, ते दिसत नाही.

७०१ किलोमीटरचा नागपूर-मुंबई समृद्धी महामार्ग २०२५ साली पुरा झाला. पुढचे रस्ते येतच राहणार. तेव्हा आपला पंचनामा आपणच आधी करावा. भिंतीचे फोटो काढा. जुना तडाही लपवू नका; तो दाखवला तरच नवा खरा ठरतो. विहिरीचे पाणी उन्हाळ्यात आणि पावसाळ्यानंतर दोराने मोजा. नाला, गाडीवाट यांचा हातनकाशा काढा. तारीख घाला, पंचांच्या सह्या घ्या. एक प्रत तहसीलदाराला, एक ठेकेदाराला द्या, पोच घ्या.

नुकसानीनंतर रडणाऱ्यापुढे मदतीचा तुकडा पडतो. कागद हाती असणारा भीक मागत नाही, भरपाई मागतो.