आवळलेला बोल्ट सुटतो कसा?

आमचे मेहुणे जबलपूरला असतात. गेल्या दिवाळीत ते ताईला मागे बसवून मोटारसायकलीवरून मंडल्यास निघाले असता वाटेत पायांखाली निराळीच झिणझिण जाणवू लागली. उतरून पाहतात तो इंजिन सांगाड्याला जखडून ठेवणाऱ्या एका बोल्टचा नट केव्हाच गळून पडलेला आणि बोल्टही निम्मा बाहेर आलेला! अशा स्थितीत सारा भार उरलेल्या बोल्टांवर येतो. तेही सुटले तर इंजिन जागचे हलून साखळी उतरण्यास व चाक अडकण्यास वेळ लागत नाही. मेहुण्यांचे म्हणणे एकच होते : "अरे, पंधरा दिवसांपूर्वीच मी सारी ताकद लावून तो आवळला होता!"

ताकद लावली खरी. पण ती गेली कुठे? बोल्ट म्हणजे एक अतिशय ताठ स्प्रिंगच. नट आवळला की बोल्ट केसभर ताणला जातो आणि त्या ताणाने दोन भाग एकमेकांवर दाबले जातात. खरी पकड ह्या दाबाची. आपल्या जोरापैकी सुमारे नऊ दशांश मात्र आट्यांतील व नटाखालील घर्षणातच खर्ची पडतो. म्हणूनच गंजलेला नट हाताला घट्ट लागतो, पण आत ताण नसतो.

त्यात एका सिलिंडरच्या इंजिनाचा कंप. मिनिटाला ३००० फेरे म्हणजे सेकंदाला ५० हिसके, तासाला १ लाख ८० हजार! गेरहार्ड युंकर ह्या जर्मन अभियंत्याने १९६९ साली दाखवून दिले की, आडवे हिसके सर्वांत घातक. जखडलेले भाग किंचित जरी आडवे सरकू लागले, तरी आट्यांतील घर्षणाचा आधार सुटतो आणि नट आपला आपणच उलटा फिरतो. ज्यावर आपण निर्धास्त विसंबतो तो चिरलेला स्प्रिंग वॉशर येथे फारसा कामास येत नाही.

तेव्हा मुख्य उपाय भाग सरकूच न देण्याचा. भोकात खुळखुळणारा बारीक बोल्ट घालू नये. सांगाडा नव्याने रंगविला असल्यास नटाखालचा जाड रंग खरवडावा. तो पुढे चेपतो व ताण ओसरतो. गाडीच्या पुस्तिकेत प्रत्येक बोल्टचा टॉर्क दिलेला असतो, तो टॉर्क-पान्यानेच द्यावा. (ह्या शब्दाला मी पुष्कळ दिवस प्रतिशब्द शोधीत होतो, शेवटी तो एका मिस्त्रीच्या तोंडी सापडला : पीळ.) कोरड्या आट्यांसाठी सांगितलेला पीळ तेलकट आट्यांना दिल्यास बोल्ट प्रमाणाबाहेर ताणला जातो.

ह्यावर कुलूप हवेच. नायलॉनची कडी असलेला नट उत्तम. मात्र सायलेन्सरच्या धगीजवळ तो वापरू नये. दुसरा उपाय आट्यांना लावावयाच्या द्रवाचा. अमेरिकेतील ट्रिनिटी कॉलेजचे प्राध्यापक व्हर्नन क्रिबल ह्यांनी १९५३ साली तो शोधला. हवेत हा पातळच राहतो. आट्यांत हवेवाचून धातूशी गाठ पडली की घट्ट होतो. आटे आधी तेलविरहित करावेत. सामान्यतः निळा द्रव पान्याला दाद देतो. लाल द्रव तापविल्यावाचून सोडीत नाही, म्हणून घरी निळाच बरा.

मेहुण्यांनी आता प्रत्येक नटावरून सांगाड्यापर्यंत पांढऱ्या रंगाची रेघ ओढली आहे. रेघ तुटलेली दिसली की नट फिरला. निघण्यापूर्वी ती पाहण्याचे काम ताईने स्वतःकडे घेतले आहे.