क्रिप्टो धरून ठेवलं तर टॅक्स नको, विकून नफा झाला तर भरा. पण सातबारा मधे आणू नका



आज पेरणी-फवारणीची नोंद नाही. विषय क्रिप्टोचा आहे. शेतीच्या पानावर हे कशाला, असं काही जण म्हणतील. पण आपल्या येडशी-धाराशिव पट्ट्यात पोरांच्या मोबाईलमध्ये हवामानाच्या ॲपशेजारी आता क्रिप्टोचं ॲपही दिसतंय. कुणी ऊसबिलातले पैसे टाकलेत, कुणी हायवेत गेलेल्या जमिनीच्या भरपाईतले. आणि दोन प्रश्न सारखे कानावर येतात.

पहिला : "नुसतं घेऊन ठेवलंय, विकलं नाही, तरी टॅक्स लागतो का? लागायला पाहिजे का?"

दुसरा जास्त काळजीचा : "नफा झालाय, तो सोयाबीनच्या उत्पन्नात दाखवला तर चालतं का?"

माझं मत आधीच सांगून टाकतो. क्रिप्टोच्या नफ्यावर टॅक्स भरलाच पाहिजे. पण तो विकल्यावर, खऱ्या नफ्यावर आणि तोटा वजा करून. नुसतं धरून ठेवलंय म्हणून टॅक्स लावू नये. आणि तो नफा शेतीच्या उत्पन्नात लपवणं म्हणजे सगळ्या शेतकऱ्यांच्या ताटात माती कालवणं आहे. आता एकेक मुद्दा घेऊ.

आज कायदा काय म्हणतो

२०२२ च्या अर्थसंकल्पात क्रिप्टोला "आभासी डिजिटल मालमत्ता" असं नाव दिलं आणि १ एप्रिल २०२२ पासून त्याच्या नफ्यावर सरसकट ३० टक्के टॅक्स लावला. वर ४ टक्के सेस. १ जुलै २०२२ पासून विक्रीच्या रकमेवर १ टक्का टीडीएस कापायला सुरुवात झाली. छोट्या व्यवहारांना त्यात सूट आहे.

धरून ठेवण्यावर आपल्याकडं टॅक्स नाही. विकलं तरच लागतो. पण "विकलं" याचा अर्थ नीट समजून घ्या. एक कॉइन देऊन दुसरं घेतलं, तरी कायद्याच्या नजरेत पहिलं विकलंच. हातात रुपया आला नाही म्हणून सुटका नाही. इथं लई पोरं फसतात.

दुसरी गोष्ट. टॅक्स भरला म्हणजे सरकारनं क्रिप्टोला हमी दिली, असं अजिबात नाही. रिझर्व्ह बँकेनं एप्रिल २०१८ मध्ये बँकांना क्रिप्टोच्या व्यवहारांपासून लांब राहायला सांगितलं होतं. मार्च २०२० मध्ये सुप्रीम कोर्टानं ते परिपत्रक रद्द केलं. त्यामुळं व्यवहार सुरू आहेत, पण बँकेतल्या ठेवीला ५ लाखांपर्यंत जसा विमा असतो तसा इथं काही नाही.

धरून ठेवण्यावर टॅक्स का नको

हे आपल्याला कुणी शिकवायची गरज नाही. सोयाबीन आठवा. ऑगस्ट २०२१ मध्ये लातूरच्या बाजारात भाव क्विंटलला १० हजारांच्या आसपास गेला होता. नवा माल यायच्या वेळेला तो झपाट्यानं उतरला. समजा त्या ऑगस्टमध्ये सरकारी माणूस येऊन म्हणाला असता, "तुमच्या घरात ५० क्विंटल आहे, आजच्या भावानं ५ लाखांचा माल झाला, त्यावर टॅक्स काढा." काय केलं असतं? टॅक्स भरायला मालच विकावा लागला असता, नाहीतर व्याजानं पैसे काढावे लागले असते. पुढं भाव पडला की भरलेला टॅक्स कोण परत देणार?

बिटकॉइनचं त्याच वर्षी तसंच झालं. नोव्हेंबर २०२१ मध्ये एका बिटकॉइनला ६९ हजार डॉलरच्या जवळ भाव होता. वर्षभरात तो १६ हजारांच्या आसपास आला. वरच्या भावावर टॅक्स घेतला असता तर माणूस कागदावरच्या श्रीमंतीपायी खरोखरचा कर्जबाजारी झाला असता.

म्हणून बाजार समितीची फी माल विकल्यावर लागते, गोदामात ठेवल्यावर नाही. वखारीत सोयाबीन ठेवून पणन मंडळाच्या योजनेतून ७५ टक्क्यांपर्यंत तारण कर्ज काढता येतं, तेव्हाही कुणी त्याला विक्री म्हणत नाही.

इतिहासही हेच सांगतो. १८६१ ते १८६५ अमेरिकेत यादवी युद्ध चाललं, तिकडचा कापूस थांबला आणि आपल्याकडच्या कापसाला सोन्याचा भाव आला. त्या तेजीच्या मागोमाग इंग्रजांनी पुणे जिल्ह्यात इंदापूर वगैरे भागात शेतसारा वाढवला. युद्ध संपलं, कापूस पडला, सारा मात्र चढाच राहिला. सारा भरायला शेतकरी सावकाराच्या दारात गेला. १८७५ मध्ये सुप्यात दंगा झाला आणि सावकारांच्या वह्या-खतं जाळली गेली. आपला भाग तेव्हा निजामाकडं होता, पण रोग तोच होता : हातात काय पडलं ते न बघता, काय पडेल या अंदाजावर कर घ्यायचा.

आज शेतसारा नावालाच उरलाय. तरी पैसेवारी ५० पैशांच्या खाली आली की महसुलात सूट द्यावी लागते. म्हणजे जमीन नुसती नावावर असण्यावर कर घेणाऱ्या सरकारलाही शेवटी पीक बघावं लागतं.

पण मोठे लोक कधी विकतच नाहीत, त्यांचं काय?

हा प्रश्न खरा आहे आणि त्याला टाळून चालणार नाही. ज्याच्याकडं कोट्यवधींचं क्रिप्टो आहे तो ते विकणारच नाही. त्यावर कर्ज काढून खाईल आणि टॅक्स शून्य. स्वित्झर्लंडमध्ये यावर उपाय म्हणून एकूण संपत्तीवर दरवर्षी थोडा कर असतो, त्यात क्रिप्टोही धरतात. नॉर्वेतही तसंच आहे. आपल्याकडंही संपत्ती कर होता, ३० लाखांच्या वर १ टक्का. २०१५ च्या अर्थसंकल्पात तो काढून टाकला, कारण वसुली थोडी आणि कटकट जास्त.

माझं म्हणणं असं : संपत्ती कर पुन्हा आणायचा असेल तर तो मोठ्या संपत्तीवर आणा, आणि त्यात क्रिप्टो, शेअर, सोनं, शहरातले फ्लॅट सगळं एका मापानं मोजा. २० हजारांचं कॉइन धरून बसलेल्या पोराला त्यात ओढू नका.

शिवाय धरून ठेवलेला माल खरंच आपल्या हातात असतो का, हेही बघा. जुलै २०२४ मध्ये वझीरएक्स या भारतातल्या मोठ्या एक्स्चेंजमधून साधारण २३ कोटी डॉलरची चोरी झाली. लोकांचं क्रिप्टो वर्षाहून जास्त काळ अडकून पडलं. ॲपवर आकडा दिसतोय, पण काढता येईना. धरून ठेवण्यावर टॅक्स असता तर या लोकांनी तो कुठून भरला असता?

तोटा वजा होत नाही, ही खरी चूक

टॅक्स घ्या म्हणणारा मीच आहे, पण आजच्या कायद्यातली एक गोष्ट मला पटत नाही. हिशोब बघा.

समजा एका पोरानं एक कॉइन १ लाखाला घेतलं, १ लाख ६० हजाराला विकलं. नफा ६० हजार. दुसऱ्या कॉइनमध्ये त्याच वर्षी ५० हजार बुडाले. दोन्ही मिळून हातात उरले १० हजार.

टॅक्स किती? ६० हजारांवर ३० टक्के म्हणजे १८ हजार, सेस धरून १८ हजार ७२०. बुडालेले ५० हजार वजा होत नाहीत. पुढच्या वर्षीही ओढता येत नाहीत. म्हणजे १० हजार कमावले आणि १८ हजार ७२० भरले. खिशातून ८ हजार ७२० गेले.

खरेदीची किंमत सोडली तर दुसरा कुठलाही खर्च धरत नाहीत. आपल्या भाषेत सांगायचं तर बियाणं धरतील, पण खत, फवारणी, काढणी, मळणी काही धरणार नाहीत. आणि एका वावरातलं सोयाबीन पाण्यात गेलं, तर दुसऱ्या वावरातल्या हरभऱ्यातून ते वजा करू देणार नाहीत.

शेअर बाजारात तोटा वजा होतो आणि आठ वर्षं पुढं नेता येतो. लॉटरीला मात्र ३० टक्के सरसकट लागतात. म्हणजे क्रिप्टोला सरकारनं लॉटरीच्या रांगेत बसवलंय. लोकांनी यात पडू नये हा हेतू असेल, तर तो मला समजतो. पण टॅक्स हा दंड म्हणून लावला की लोक हिशोबच लपवायला लागतात. तोटा वजा करू द्या, टीडीएस कमी करा. मग नफ्यावर ३० टक्के घेतले तरी तक्रार कुणी करणार नाही.

आता सातबाऱ्याचा विषय

इथं मी कडक बोलणार आहे.

शेतीचं उत्पन्न आयकरातून मुक्त आहे. संविधानानं त्यावर कर लावायचा अधिकार केंद्राला नाही, राज्यांना दिलाय. याचा फायदा घेऊन काही जण सांगतात, "क्रिप्टोचा नफा शेतीत दाखव, कुणी विचारत नाही." काही जण तर नातेवाइकाचा सातबारा मागतात. दोन एकर कोरडवाहूत १५ लाखांचं सोयाबीन दाखवायचं!

असं करू नका. कारणं तीन.

एक, पकडले जाता. एक्स्चेंजवर पॅन असतो, टीडीएस कापला की नोंद थेट आयकर खात्याकडं जाते. २०२५ च्या अर्थसंकल्पानं क्रिप्टोचं नावही अघोषित उत्पन्नाच्या व्याख्येत घातलं. धाड पडली तर दर ६० टक्के आहे.

दोन, शेतीच्या उत्पन्नाला पुरावा लागतो. अडत्याची पट्टी कुठंय, पीकपेरा काय लावलाय, पीकविमा कशाचा भरलाय? ई-पीक पाहणीत तुमच्याच हातानं तूर टाकली असेल, तर सोयाबीन कुठून आलं?

तीन, आणि हे सगळ्यात महत्त्वाचं. "शेतकऱ्यांना टॅक्स का नाही?" असं शहरात नेहमी विचारलं जातं. त्याला आपलं उत्तर आहे. आपण कीटकनाशकावर १८ टक्के जीएसटी भरतो, आणि व्यापाऱ्यासारखा त्याचा परतावा आपल्याला मिळत नाही. आपल्या मालाचा भाव आपण ठरवत नाही. २०२४-२५ ला सोयाबीनचा हमीभाव ४ हजार ८९२ होता आणि बाजारात त्याच्या खालीच विकावं लागलं. हे उत्तर तोवरच टिकतं, जोवर आपला सातबारा स्वच्छ आहे. ज्या दिवशी आकडे येतील की शेतीच्या नावाखाली दुसरेच पैसे मुरतायत, त्या दिवशी ही सूट काढा म्हणणाऱ्यांच्या हातात आपणच कोलीत दिलेलं असेल. एका पोराच्या १८ हजारांसाठी अख्ख्या शिवारानं भोगायचं का?

ज्यांनी घेतलंय त्यांच्यासाठी

- भरपाईचे पैसे वेगळे, त्यातला नफा वेगळा. गावाकडच्या शेतजमिनीच्या भरपाईवर आयकर लागत नाही. पण त्या पैशातून घेतलेल्या क्रिप्टोच्या नफ्यावर लागतो.
- खरेदी-विक्रीची तारीख, रक्कम, कापलेला टीडीएस वहीत लिहा. ॲप बंद पडलं तर वहीच कामाला येते.
- रिटर्नमध्ये क्रिप्टोचा वेगळा तक्ता असतो, तो भरा. उत्पन्न कमी असलं तरी क्रिप्टोच्या नफ्याला करमाफीची मर्यादा लागू होत नाही. जास्त टीडीएस कापला असेल तर तोही रिटर्न भरल्याशिवाय परत मिळत नाही.
- अनोळखी माणसाकडून थेट खात्यावर पैसे घेऊन कॉइन विकू नका. आपल्या भागातल्या एका पोराचं खातं असंच गोठलं. समोरून आलेला पैसा कुणाच्यातरी फसवणुकीचा निघाला. त्याच खात्यावर पीककर्ज होतं, अनुदान येत होतं. ऐन पेरणीत सगळं अडकलं.
- "महिन्याला १० टक्के" असं कुणी सांगितलं की उठून घरी या. गेनबिटकॉइननं हेच सांगितलं होतं, १८ महिने दरमहा १० टक्के. २०१८ मध्ये पुणे पोलिसांनी अटका केल्या, पण लोकांचे पैसे गेले ते गेलेच. बुडाले तर टॅक्समध्येही ते वजा होत नाहीत.

क्रिप्टो घ्यावं की नाही, हे मी सांगणार नाही. ज्याचा पैसा त्याची जोखीम. पण पीककर्जाचा आणि बी-भरणाचा पैसा तिकडं नेऊ नका, आणि तिकडचा नफा सातबाऱ्यावर आणू नका. सरकारनं नफा बघून टॅक्स घ्यावा, आपण नफा दाखवून भरावा.

तोटा वजा व्हायला पाहिजे की नको, यावर सीए मंडळींनी आणि कृषी अधिकाऱ्यांनीही लिहावं. माझ्या हिशोबात काही सुटलं असेल तर तेही सांगा.

जय जवान, जय किसान.